बिनव्हॉल्व्हचा बटाटा

बत्तीस वर्षं कारखान्यांचे बॉयलर तपासलेल्या माणसाला स्वतःच्या घरात कपभर चहा करता येत नाही, ही गोष्ट बाईसाहेबांनी आजवर उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नव्हती. ती जगजाहीर झाली ती त्यांचा उजवा हात मोडला तेव्हा. गच्चीवर वाळत घातलेली चादर काढताना पाय घसरला, मनगटाचं हाड मोडलं, कोपरापर्यंत प्लॅस्टर चढलं आणि सहा आठवडे या हाताने काडीसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. डॉक्टर आपले सहज बोलून गेले. गॅस पेटवायची काडीदेखील त्या घरात एकच हात उचलत होता, हे त्यांना कुठून माहीत असणार!

बाईसाहेब म्हणजे बॉयलरसाहेबांच्या पत्नी. साहेबांना इमारतीत सगळे याच नावाने ओळखत. नोकरीत असताना साहेब हातात छोटी हातोडी घेऊन कारखान्यात शिरले, की मालकाच्या घशाला कोरड पडायची. बॉयलरवर हातोडीने टकटक करायची, कान लावायचा आणि आवाजावरून पत्रा कुठे झिजलाय ते सांगायचं, ही त्यांची ख्याती. निवृत्तीनंतर हातोडी घरी आली आणि टकटक सुरूच राहिली. भिंती झाल्या, पाण्याची टाकी झाली, बाजारातली कलिंगडं झाली. फळवाला त्यांना लांबून पाहिलं की कलिंगडांवर पोतं टाकायचा.

हात मोडल्याची बातमी परगावी राहणाऱ्या मुलीला कळली आणि अर्ध्या तासात तिचा फोन आला. मुलगी एका मोठ्या दुकानाची व्यवस्थापक होती. चाळीस माणसं तिच्या हाताखाली होती, आणि आईवडील धरून बेचाळीस, असा तिचा हिशोब असावा.

"बाबा, आईला मी इकडे घेऊन येते. सहा आठवडे."

"आणि मी?"

"तुम्ही डबा लावा."

साहेबांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. ज्याने फक्त मान हलवली की शंभर फुटी धुराडं थंड पडायचं, त्याला डबा लावायला सांगत होती ही पोर. बाईसाहेब पलंगावर बसून प्लॅस्टरकडे पाहत होत्या. त्यांना कुणीच काही विचारलं नव्हतं. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "काही गरज नाही. घर मी बघतो. स्वयंपाकही करीन."

मुलीने ते वाक्य त्यांच्याकडून पुन्हा दोनदा म्हणवून घेतलं.

शेवटी तडजोड झाली. गॅसला हात लावायचा नाही. मुलगी एक मायक्रोवेव्ह पाठवणार, ओव्हनसकट, दोन्ही एकातच. तीन आठवड्यांनी रविवारी ती स्वतः येणार. दोघं नीट राहताहेत, नीट जेवताहेत असं दिसलं तर ठीक. नाही तर आईची बॅग त्याच दिवशी भरायची, आणि मग कुणी मधे बोलायचं नाही.

म्हणजे तपासणीच लागली होती, तारखेसकट. एवढ्या वर्षांत साहेबांवर ही वेळ पहिल्यांदाच आली होती. खरं सांगायचं तर त्यांना भीती स्वयंपाकाची नव्हती. अडतीस वर्षांच्या संसारात दोघं वेगळी राहिली ती साहेबांच्या दौऱ्यांपुरती. तेव्हा जाणारे साहेब असत, घरात बाईसाहेब असत. ती गेली आणि आपण मागे राहिलो, हे त्यांनी कधी करून पाहिलं नव्हतं आणि त्यांना ते करून पाहायचंही नव्हतं. पण असलं काही बोलून दाखवायची त्यांच्या खात्यात पद्धत नव्हती.

दोन दिवसांनी यंत्र आलं. बसवायला आलेल्या माणसाने खोकं उघडलं, प्लग लावला, काचेची थाळी गोल फिरवून दाखवली, "झालं" म्हणाला आणि वॉरंटीच्या कागदावर सही मागितली. यंत्र मुलीने आईच्या नावावर घेतलं होतं. बाईसाहेबांनी डाव्या हाताने सही केली. ती सही पाहून माणूस जरा थबकला, पण त्याला अजून चार घरं उरकायची होती.

साहेबांनी माहितीपुस्तक लाल पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. तीन ठिकाणी भाषा सुधारली. 'आत धातूची वस्तू ठेवू नये' या वाक्याखाली रेघ मारून समासात 'बरोबर' असं लिहिलं. मग एक लांबलचक रजिस्टर काढलं आणि त्यात रकाने आखले. दिनांक, पदार्थ, मिनिटं, परिणाम आणि शेवटी शेरा.

"शेरा कोण लिहिणार?" बाईसाहेबांनी विचारलं.

"चालवणारा आणि तपासणारा एकच माणूस असता कामा नये. मी चालवणार. शेरा तपासणारा लिहील."

एवढ्यावर थांबले असते तर ते बॉयलरसाहेब कसले! त्यांच्या खात्याचा एक नियम होता. नोंदणी क्रमांकाची पट्टी लावल्याशिवाय कुठलाही बॉयलर पेटवायचा नाही. आता पट्टी बाहेरून लावली तर लबाड मालक ती रातोरात बदलतो, हे साहेबांनी आयुष्यात दोनदा रंगेहाथ पकडलं होतं. म्हणून पट्टी आतून. त्यांनी पितळेची पट्टी कापली, हातोडी आणि छिन्नीने तिच्यावर 'नों. क्र. १' असं ठोकलं, खाली तारीख ठोकली आणि उष्णतेत न सुटणाऱ्या गोंदाने ती यंत्राच्या आतल्या भिंतीवर चिकटवली. या कामात एक अख्खी दुपार गेली. तळमजल्यावरचे भूगोलाचे मास्तर, तेही निवृत्तच, ठोकाठोकीची तक्रार घेऊन वर आले आणि सल्ला देऊन खाली गेले.

"साहेब, यातून लहरी बाहेर गळतात म्हणे," मास्तर म्हणाले. "चालू असताना अठरा फूट लांब उभं राहायचं. मला कुणीतरी पाठवलंय मोबाइलवर."

स्वयंपाकघर होतं नऊ फुटांचं. उरलेले नऊ फूट समोरच्या वहिनींच्या घरात येत होते. पण गळती म्हटल्यावर साहेबांचे डोळे चमकले. त्यांनी साबणाचा फेस केला आणि दाराच्या कडेने ब्रशने लावला. वाफ गळत असेल तर बुडबुडे येतात, बत्तीस वर्षांचा अनुभव. बुडबुडे आले नाहीत. साहेबांनी रजिस्टरमध्ये 'गळती नाही' अशी नोंद केली. यंत्र तेव्हा बंद होतं, हे बाईसाहेबांच्या लक्षात आलं होतं, पण त्यांनी मोडता घातला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन. समोरच्या वहिनी आल्या. त्यांच्याकडे आठ वर्षांपासून मायक्रोवेव्ह होता आणि त्यात त्या बिस्किटं ठेवत.

"मुंग्या अजिबात लागत नाहीत हो साहेब," त्यांनी सांगितलं. "फार उपयोगी वस्तू आहे."

मास्तर दाराबाहेर जिन्यात उभे राहिले. साहेबांनी कपभर दूध आत ठेवलं, दार लावलं, एक मिनिट लावून बटण दाबलं आणि हात मागे बांधून उभे राहिले.

पहिले पाच सेकंद नुसती घरघर. मग आत कडकड असा आवाज झाला आणि पट्टीच्या चारही कोपऱ्यांतून निळ्या ठिणग्या उडायला लागल्या. वहिनी किंचाळल्या. मास्तर एका दमात तळमजल्यावर पोहोचले. साहेब दोन्ही हात वर करून "मागे व्हा! सगळे मागे व्हा!" असं ओरडत राहिले, आणि बाईसाहेबांनी त्यांच्या काखेखालून डावा हात घालून बटण बंद केलं.

"अहो, पट्टी," त्या म्हणाल्या.

"पट्टीला काय झालं? अस्सल पितळ आहे."

"म्हणूनच."

'धातूची वस्तू' या शब्दांखाली साहेबांनी स्वतः रेघ मारली होती. पण वस्तू वेगळी आणि नोंदणीपट्टी वेगळी, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं होतं, की ही दोन्ही एकाच पितळेची असू शकतात हे त्यांना सुचलंच नव्हतं. बाईसाहेब मात्र पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत. साहेबांचाच जुना नियम होता, अपघात झाल्यावर पहिला तास कुणी कुणाला बोलायचं नाही. त्या तासात माणूस खोटं तरी बोलतो, नाही तर रडतो. बाईसाहेबांनी हा नियम अडतीस वर्षं ऐकला होता. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि आत जाऊन पडल्या.

मग कंपनीला फोन. दार लागत नसेल तर एक दाबा, थाळी फिरत नसेल तर दोन दाबा, असं करत साहेब नवव्या बटणापर्यंत पोहोचले, तेव्हा एक जिवंत बाई बोलायला आली.

"सर, आत धातूची वस्तू राहिली होती का?"

"राहिली नव्हती. लावली होती."

"सर, 'लावली' असा पर्याय नाही माझ्याकडे. 'राहिली' लिहू का?"

"मुळीच नाही! राहिली म्हणजे निष्काळजीपणा. मी लावली होती. विचारपूर्वक."

फोनवरची बाई म्हणाली, अशा प्रकरणात मालकाच्या सहीचा अर्ज लागतो. अर्ज आला, बाईसाहेबांनी डाव्या हाताने सही केली, अर्ज गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. 'सही जुळत नाही.' साहेबांना संताप आला, पण आतून थोडा आदरही वाटला. याच कारणासाठी त्यांनी स्वतः शेकडो अर्ज परत पाठवले होते. अर्ज पाठवणाऱ्या घरात त्या दिवशी जेवण कसं होत असेल, हा विचार मात्र त्यांच्या मनात आज पहिल्यांदा आला.

जेवण होत होतं ते पाव, केळी आणि वहिनींच्या कृपेवर. मुलीचा फोन आला की साहेब खणखणीत आवाजात सांगत, "सर्व सुरळीत. चाचणी चालू आहे." बाईसाहेब केळं सोलायला त्यांच्यापुढे धरत आणि हसू दाबत.

दुसरा अर्जही परत आला. मग बाईसाहेबांनी मनावर घेतलं. रोज दुपारी त्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर डाव्या हाताने सही गिरवायला बसल्या. समोर वॉरंटीच्या कागदाची प्रत, तोंडात जिभेचं टोक. आपलीच सही, आणि ती आपल्यालाच नक्कल करून करावी लागते, याची त्यांना गंमत वाटत होती. साहेब शेजारी बसून भिंगातून तपासत. "शेवटचा फाटा लांबलाय," असं सांगत. पाचव्या दिवशी दोन सह्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसायला लागल्या. अर्ज मंजूर झाला. तोवर तीन आठवड्यांतले पंधरा दिवस गेले होते.

कंपनीकडून आल्या त्या एक मेकॅनिकबाई. पन्नाशीच्या आसपास, खांद्याला अवजारांची पिशवी, कपाळावर पट्ट्याने बांधलेला दिवा. आल्या आल्या त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने यंत्रावर टकटक केली आणि कान लावला. साहेबांनी तिथल्या तिथे त्यांना मनोमन खुर्ची दिली.

"पट्टी कुणी लावली?"

"मी," साहेब म्हणाले. त्यांच्या लक्षात आलं, की आपण दोन्ही हात पुढे बांधून, मान किंचित खाली घालून उभे आहोत. कारखान्याचे मालक त्यांच्यापुढे असेच उभे राहत.

साहेबांनी सगळी हकिगत सांगितली. नियम, लबाड मालक, साबणाचा फेस. मेकॅनिकबाईंनी न हसता ऐकून घेतली.

"फेसाने लहरी कळत नाहीत साहेब. दार नीट लागतंय, बिजागरी सरळ आहे, कडा स्वच्छ आहे, एवढं बघा. फेसामुळे कडा स्वच्छ झाली, ते एक चांगलं झालं." त्यांनी पट्टी खरवडून काढून साहेबांच्या हातात दिली आणि आतल्या भिंतीचा जळलेला अभ्रकाचा तुकडा बदलायला घेतला. "तुमच्या बॉयलरमध्ये बाहेर आग असते आणि आत पाणी. इथे आग नाहीच. इथे पदार्थातलं पाणीच तापतं."

साहेबांनी हातातली पट्टी खाली ठेवली. "म्हणजे बॉयलर हे यंत्र नव्हेच. आत ठेवलेला पदार्थ हाच बॉयलर."

"तसं म्हणा हवं तर."

हा विचार साहेबांना फार आवडला. इतका, की त्याचा अर्थ नीट उमजायला त्यांना आणखी एक दिवस आणि एक बटाटा लागला.

मेकॅनिकबाईंचं काम करता करता बोलणं चालूच होतं. लहरींवर चालवताना धातू नको, ओव्हन म्हणून चालवताना प्लॅस्टिक नको, कुठलं बटण दाबलंय ते आधी बघायचं. रिकामं कधी चालवायचं नाही. मागची जाळी झाकायची नाही. पाणी उकळलं तर लगेच हलवायचं नाही, शांत दिसतं आणि एकदम उसळतं. साहेब भराभर लिहून घेत होते. मग त्यांनी पेन थांबवलं.

"आणि आत काही पेटलंच तर?"

"दार उघडायचं नाही," मेकॅनिकबाई म्हणाल्या, आणि त्याच क्षणी साहेबही तेच म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एका धंद्यातली माणसं परक्या गावात भेटली की पाहतात, तसं.

जाताना बाईंनी अहवाल भरला. बिघाडाचं कारण लिहायच्या जागी छापलेल्या पर्यायांपैकी एकावरही खूण केली नाही. हाताने लिहिलं, 'जास्त काळजी'. साहेबांनी खाली मुकाट्याने सही केली.

दुसऱ्या दिवशी बटाटा. साहेबांनी तो धुतला, पुसला, कुठे डाग नाही, चीर नाही, असा गुळगुळीत निवडून घेतला, मधोमध ठेवला आणि आठ मिनिटं लावली. सहाव्या मिनिटाला आत असा आवाज झाला, की समोरच्या वहिनींनी त्यांच्या घरातून "काही लागलं का हो?" म्हणून विचारलं. दार शाबूत होतं. बटाटा मात्र सहाही बाजूंना सारखा वाटला गेला होता.

साहेबांनी प्लग काढला आणि खुर्चीत बसले. ठिणग्यांचं एक वेळ ठीक, वीज हा त्यांचा विषय नव्हता. पण बंद भांडं, आत पाणी, वर घट्ट साल, आणि वाफेला बाहेर पडायला वाट नाही! सुरक्षा व्हॉल्व्ह नसलेला बॉयलर पेटवणाऱ्या मालकांना त्यांनी आयुष्यभर फैलावर घेतलं होतं. त्यावर भाषणं दिली होती. आणि आज स्वतःच्या हाताने, पुसून, चकचकीत करून, बिनव्हॉल्व्हचा बटाटा पेटवला. त्यांना खरोखर रडू यायच्या बेतात होतं.

"बोल काय बोलायचं ते," ते म्हणाले.

बाईसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "अजून पन्नास मिनिटं आहेत."

पन्नास मिनिटांनी त्या उठल्या, डाव्या हाताने फडताळातून एक काटा काढला आणि साहेबांपुढे ठेवला. सोबत दुसरा बटाटा.

"व्हॉल्व्ह बसवा," त्या म्हणाल्या.

साहेबांनी व्हॉल्व्ह बसवले. मोजून बारा टोचे, तीन ओळींत, सारख्या अंतरावर. त्या दिवसानंतर त्या घरात एकही बटाटा फुटला नाही. टोमॅटोलाही टोचे, भोपळ्याच्या सालीलाही टोचे. अंड्याला मात्र साहेबांनी घरात बंदीच घातली. हळूहळू गाडी रुळावर आली. भात आधी कच्चा झाला, मग लगदा झाला, मग भात झाला. पाणी उकळलं की साहेब घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट हात मागे बांधून उभे राहत, मगच पेला उचलत. बाईसाहेब टेबलाशी बसून सांगत, साहेब करत. अडतीस वर्षांत दोघं एका खोलीत इतका वेळ कधी बसली नव्हती. रजिस्टर भरत गेलं. शेऱ्याचा रकाना तेवढा रिकामा होता.

रविवारी सकाळी मुलगी आली. तिच्या हातात तिची एक बॅग होती आणि दुसरी एक मोठी, रिकामी. ती रिकामी बॅग तिने दाराशी ठेवली. साहेबांनी पाहिली आणि नजर वळवली.

मुलगी घरभर फिरली. फडताळं उघडली, फ्रिज पाहिला, ओव्हनच्या माथ्यावरून बोट फिरवून बोटाला धूळ लागते का ते पाहिलं आणि मग, काही कारण नसताना, त्याच्यावर दोनदा टकटक केलं. ही सवय कुणाची, ते ओळखायला साहेबांना भिंग लागलं नाही. तिने रजिस्टरही चाळलं.

"शेरा कुठेच नाही, बाबा."

"तो तपासणाऱ्याने लिहायचा."

तिने पेन उचललं, परत ठेवलं. "आधी जेवू. मग बघू."

टेबलावर भात होता, सूप होतं, टोचे मारलेले बटाटे होते, ओव्हनमध्ये भाजलेला भोपळा होता. साहेब सकाळपासून उभे होते आणि बाईसाहेब सकाळपासून बोलत होत्या. "मी बेकरीतून बन आणलेत, ते गरम करते," मुलगी म्हणाली. तिने बन कागदी पिशवीसकट आत ठेवले. तेवढ्यात तिच्या दुकानातून फोन आला. फोन खांद्यात धरून तिने एकाच्या जागी दहा मिनिटं दाबली आणि बोलत बोलत बाल्कनीत गेली. साहेब तेव्हा पाण्याचे पेले भरत होते.

वास आधी बाईसाहेबांना आला. मग काचेआड नारिंगी उजेड दिसला. मुलगी धावत आत आली, "अगं आई गं!" म्हणत तिने दाराच्या मुठीकडे हात टाकला.

"हात लावू नकोस!"

हा आवाज मुलीने आयुष्यात ऐकला नव्हता. हा कारखान्यातला आवाज होता. तिचा हात जागीच थांबला. साहेब दोन पावलांत पुढे आले, बटण बंद केलं, भिंतीवरचा प्लग काढला आणि दारापुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"बाबा, आत पेटलंय!"

"पेटू दे. दार उघडलंस तर हवा मिळेल त्याला. बंद आहे तोवर ते उपाशी आहे." त्यांचा आवाज आता अगदी शांत होता. "तू आईजवळ जाऊन उभी राहा. मी आहे इथे."

काचेआड ज्योत एकदा उंच झाली, मग बसली, मग निळसर झाली आणि विझली. साहेब हलले नाहीत. घड्याळ लावून बारा मिनिटं उभे राहिले, दाराला तळहात लावून पाहिला, खिडकी उघडली आणि मगच दार उघडून काळे ठिक्कर बन चिमट्याने बाहेर काढले. भांडी सगळी जागच्या जागी होती. सूपसुद्धा सांडलं नव्हतं.

मुलगी खुर्चीत बसली होती.

"बोला बाबा," ती म्हणाली. "काय बोलायचं ते बोला."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "अजून पाऊण तास आहे."

ती हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं. "मला भीती वाटते हो. तुम्ही दोघंच इथे. काही झालं तर मी सात तास लांब."

"मलाही वाटते," साहेब म्हणाले. ते तिच्यासमोर बसले. तास पुरा झाला नव्हता, पण त्यांनी नियम मोडला. "तू आईला नेशील याची वाटते. तीन आठवडे दुसरं काही डोक्यात नाही माझ्या. इतकी वर्षं मी बाहेर जायचो आणि ही घरी असायची. ती नसलेल्या घराची मला सवय नाही. आणि मला ती करून घ्यायची नाही."

बाईसाहेबांनी अडतीस वर्षांत हे पहिल्यांदा ऐकलं होतं. त्यांनी डाव्या हाताने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सूप निवतंय."

तिघं जेवली. मुलीने दुसऱ्यांदा भात घेतला. बटाट्यावरचे टोचे मोजून पाहिले, बारा भरले, तेव्हा तिला पुन्हा हसू आलं. जेवण झाल्यावर तिने रजिस्टर पुढे ओढलं आणि पेन उघडलं. मग थांबली. आईकडे वळली.

"आई, तुला काय वाटतं? तुला कुणी विचारलंच नाही."

"नाही विचारलं," बाईसाहेब म्हणाल्या. "आण ते इकडे."

त्यांनी रजिस्टर समोर घेतलं, पान सरकू नये म्हणून वर ती पितळी पट्टी ठेवली आणि डाव्या हाताने लिहायला लागल्या. सावकाश, जिभेचं टोक बाहेर काढून. साहेब उभे राहिले. बसले. परत उभे राहिले. निकालाची वाट कशी बघतात, हे त्यांना कुणी कधी शिकवलं नव्हतं.

बाईसाहेबांनी रजिस्टर त्यांच्याकडे सरकवलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं:

'मीठ कमी. वाफेला वाट आहे. चालू ठेवावे.'

खाली सही. वॉरंटीच्या कागदावरच्या सहीशी तंतोतंत जुळणारी.

साहेबांनी शेरा तीनदा वाचला. मग भिंग आणून चौथ्यांदा वाचला. मुलगी उठली, दाराशी गेली आणि ती मोठी बॅग तिने घडी करून स्वतःच्या बॅगेत कोंबली. साहेबांना फार आनंद झाला होता आणि तो लपवायला त्यांना काहीतरी कामाचं बोलणं भाग होतं.

"बाकी सगळं बरोबर आहे. फक्त मुदत राहिली गं लिहायची. किती दिवसांसाठी, ते लिहावं लागतं."

"राहिली नाही," बाईसाहेब पेनाला टोपण लावत म्हणाल्या. "लिहिली नाही."